महामंडळ सरकारचं, मग त्याला हद्द नाही काय?

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या बैठकीला एक साहेब आले होते. नकाशा उघडला आणि म्हणाले, "ही काही खासगी कंपनी नाही. जमीन सरकारची, महामंडळही सरकारचंच. ग्रामसभेला विचारायचा प्रश्न येतोच कुठे?" आम्ही पोरं गप्प बसलो. बारावीपर्यंत शिकून मीही गप्प बसलो. शेवटी एका आजीनंच विचारलं, "मंग मोहफुलं कोन वेचन? आपन का तुमचं महामंडळ?" साहेबांनी नकाशा गुंडाळला. त्या दिवशी मला लाज वाटली, म्हणून हे लिहितो आहे.

साथींनो, सरकारला महामंडळ काढता येतं, हे खरं. १९७४ साली महाराष्ट्राने वनविकास महामंडळ काढलंच की. पण शेताला बांध असतो तसा राज्यघटनेनं सरकारच्या कारभारालाही बांध घातला आहे. कलम २४४ आणि पाचवी अनुसूची, हा तो बांध. अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा लागू होऊ नये, असं राज्यपाल ठरवू शकतात. आदिवासीची जमीन दुसऱ्याच्या घशात जाऊ नये म्हणून नियमही करू शकतात.

आंध्र सरकारने विशाखापट्टणम जिल्ह्यात खासगी कंपन्यांना खाणीचे पट्टे दिले होते. समता नावाची संस्था कोर्टात गेली. सरकारचं म्हणणं होतं, जमीन आमची, आम्ही कुणालाही देऊ. ११ जुलै १९९७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जमीन हस्तांतरणाची बंदी सरकारलाही लागू आहे. अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा बिगर-आदिवासी कंपनीला पट्ट्याने देता येणार नाही. मात्र सरकारचं स्वतःचं महामंडळ किंवा आदिवासींची सहकारी संस्था खाण चालवू शकते, असंही म्हटलं.

याच फटीतून कंपनी आत शिरते. ओडिशात नियमगिरीचा डोंगर खणायला पुढे कोण होतं? ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशन, म्हणजे सरकारी महामंडळ. आणि बॉक्साइट जाणार होतं लांजिगडला, वेदांताच्या कारखान्यात. पाटी सरकारची, माल कंपनीचा. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. डोंगरिया कोंधांच्या बारा ग्रामसभा बसल्या. बाराच्या बारा म्हणाल्या, नाही. महामंडळाची पाटी तिथं कामाला आली नाही.

साहेब लोक म्हणतील, समताचा निकाल आंध्रच्या कायद्यावरचा आहे. त्यात तथ्य आहे. २००१ साली बाल्कोच्या खटल्यात कोर्टाने तो निकाल छत्तीसगडला लावला नाही. म्हणून त्या एकाच काठीवर भार टाकू नका. आपल्या हातात आणखी दोन आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ४१ सांगतं, अनुसूचित क्षेत्रात जमीन शक्यतो घ्यायचीच नाही, आणि घ्यायची वेळ आली तर आधी ग्रामसभेची संमती. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो, दाव्यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत वनात राहणाऱ्याला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवायचं नाही.

आता कुणी नकाशा घेऊन आला तर तीन प्रश्न लेखी विचारायचे. जमीन कोणत्या कायद्याखाली मागता? माल कुणाकडे जाणार? ग्रामसभेची संमती कुठे आहे? उत्तर तोंडी घ्यायचं नाही. ठराव नोंदवहीत लिहायचा, बायामाणसांच्या सह्या-अंगठे घ्यायचे, एक प्रत तहसीलला द्यायची आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

सरकार जंगलाचं राखणदार आहे. राखणदाराला शेत विकता येत नाही. हे पुढच्या बैठकीत मोठ्यानं म्हणायचं, गप्प बसायचं नाही.

जिंदाबाद!