सुईचे भय

झांशीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घर मराठी, पिढ्यानपिढ्या तेथेच राहिलेले. मुलगी साडेसहा वर्षांची, शाळेत हुशार, घरात धीट. परंतु लसीकरणाचे नाव काढताच ती धान्याच्या पिंपामागे जाऊन बसते. पाचव्या वर्षी घ्यावयाची लस दोनदा राहिली. दुसऱ्या वेळी तर तिला दाराशी नेऊन परत आणावे लागले. घरच्या आजींचे म्हणणे असे, की राहू दे, आमच्या वेळी कोठे होत्या इतक्या सुया? आता आपण काय करावे, असे त्या माउलीने विचारले आहे. या प्रश्नात अनेक वाचकांचे घर असेल, म्हणून उत्तर येथेच देतो.

प्रथम आजींविषयी. त्यांच्या दंडावर पाहा. बहुधा वाटोळा, खोलगट असा देवीचा व्रण सापडेल. ज्यांचा जन्म 1970 च्या पूर्वीचा, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या अंगावर तो आहे. त्या काळचे देवी काढणे आजच्या इंजेक्शनापेक्षा कितीतरी कठीण होते. पात्यासारखे दाते असलेले एक लहानसे चक्र कातडीवर दाबून फिरवीत, आणि तेही एकाहून अधिक जागी. पुढे दुतोंडी सुई आली तेव्हा हा त्रास कमी झाला. देवीचा भारतातील शेवटचा रोगी मे 1975 मध्ये सापडला, आणि ज्या रोगामुळे आजींना ते सोसावे लागले तो रोग आज पृथ्वीवर नाही. तेव्हा सुया कमी होत्या हे खरे. पण घरातली मुले मोजताना गेलेलीही मोजावी लागत, हेही आजींनाच अधिक ठाऊक असेल.

झांशीकरांस तर हे दूर जाऊन शोधावयास नको. राणी लक्ष्मीबाई व गंगाधरराव यांस 1851 मध्ये पुत्र झाला आणि अवघ्या काही महिन्यांत तो गेला. राजवाडा, वैद्य, दासदासी, नवससायास यांपैकी कशाचीही उणीव नव्हती. नोव्हेंबर 1853 मध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला, तो इंग्रजांनी मानला नाही आणि संस्थान खालसा झाले. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी एक रिकामा झालेला पाळणा आहे, याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. जेथे राजपुत्राची ही गत, तेथे गावातील इतर घरांची काय कथा?

त्या काळी मुलांच्या दुखण्यांपुढे माणसाने हात जोडले, यात नवल नाही. आपल्याकडे गोवर वा कांजिण्या आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे आणि स्वयंपाकात फोडणी बंद होई. उत्तरेत यांनाही ‘माता’च म्हणतात. होळीनंतर आठव्या दिवशी शीतलेची पूजा करून आदल्या दिवशीचे थंड अन्न खातात. तिकडील चैत्र वद्य अष्टमी ती आपली फाल्गुन वद्य अष्टमी. झांशीतील मराठी घरांस दोन्ही पंचांगे सांभाळावी लागतात! श्रद्धेशी आमचे भांडण नाही. शीतलेपुढे दिवा लावून त्याच सकाळी मुलास लस टोचून आणणाऱ्या कितीतरी माउली आहेत.

आता भयाविषयी. भाषांतराच्या धंद्यात असल्याने आमचे लक्ष आधी शब्दांकडे जाते. हिंदीत लसीस ‘टीका’ म्हणतात. कपाळीच्या टिळ्याचाच तो शब्द, कानास गोड. मराठीत आपण ‘टोचणे’ म्हणतो आणि ‘लस’ या शब्दाचा मूळ अर्थ तर जखमेतून पाझरणारे पाणी. शब्दांचा दोष असेल तर एवढाच. खरा दोष त्या धमकीचा, जी दोन्ही भाषांत सारखीच दिली जाते: ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील,’ ‘चुप रहो, नहीं तो सुई लगवा देंगे.’ वर्षभर ज्या वस्तूस आपण शिक्षा म्हणून मिरविले, तीच एके दिवशी औषध म्हणून पुढे केली तर मुलाने आपल्यावर कोणत्या आधारे विश्वास ठेवावा? ही धमकी घरातून आजच हद्दपार करावी. शेजाऱ्यांसही तसे सांगावे.

दुसरी गोष्ट खोटे बोलण्याची. ‘आज फक्त वजन करावयाचे आहे’ असे सांगून नेलेले मूल त्या दिवशी कसेबसे लस घेते. पुढच्या खेपेस मात्र खरोखर वजन करावयाचे असले तरी दाराशीच बसकण मारते. त्यास खरे सांगावे, पण आठवडाभर आधी नव्हे, कारण मग तो आठवडा भयातच जातो. आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी सांगणे पुरे. ‘काही दुखणार नाही’ असे म्हणू नये. ‘चिमटा बसल्यासारखे होईल, मी दहा मोजीपर्यंत संपेल’ असे म्हणावे आणि खरोखर दहा मोजावे.

तिसरी गोष्ट धरण्याची. आमच्या पाहण्यात असे येते, की मुलास पाठीवर निजवितात, एक जण पाय धरतो, दुसरा हात, तिसरा डोके. सुईपेक्षा हे जखडणेच मुलाच्या मनात राहते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लसीकरणातील वेदनेविषयी जी मार्गदर्शक भूमिका प्रसिद्ध केली, तीत लहान मुलास आईने वा घरच्या माणसाने मांडीवर धरून बसावे असे सांगितले आहे. मिठी मारल्यासारखे धरावे आणि दंड तेवढा मोकळा ठेवावा. तान्ह्या बाळास त्या वेळी अंगावर पाजावे; यासारखा सोपा व स्वस्त उपाय नाही. तोंडाने द्यावयाची लस असेल तर ती आधी द्यावी आणि अनेक सुयांपैकी जी अधिक झोंबते ती शेवटी. थोड्या मोठ्या मुलाचे चित्त दुसरीकडे वेधावे. त्याच्या हाती भिरभिरे देऊन ते फुंकावयास सांगावे, किंवा नेमके टोचण्याच्या क्षणी खोकावयास लावावे. ताप येईल म्हणून आधीच औषध पाजण्याचे कारण नाही. नंतर आलाच, तर परिचारिकेने सांगितल्याप्रमाणे द्यावे. कातडी बधिर करणारे मलमही मिळते. ते सुमारे तासभर आधी लावावे लागते आणि डॉक्टरांस विचारल्यावाचून लावू नये.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, हे फाजील लाड झाले. आमचे मत तसे नाही. भय ही हट्टाची गोष्ट असती तर मोठ्या माणसांत ते आढळले नसते. काही माणसे सुई वा रक्त पाहताच घेरी येऊन पडतात आणि हे एकाच घराण्यात अनेकांस असू शकते. इतर भयांत हृदयाची गती वाढते. येथे ती प्रथम वाढते व मग एकाएकी उतरते, रक्तदाब घसरतो आणि मेंदूस रक्त कमी पडते. अशा माणसास ‘अंग सैल सोड’ हा सल्ला उलट अपायकारक ठरतो. स्वीडनमधील उप्साला येथील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्त यांनी 1980 नंतरच्या दशकात याच्या विरुद्ध उपाय रूढ केला. हातापायांचे व पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरावे, चेहऱ्यावर ऊब आली की सोडावे, अर्धा मिनिट थांबून पुन्हा आवळावे. असे पाच वेळा. ज्या दंडावर सुई घ्यावयाची तो तेवढा सैल असावा. दहा व सोळा वर्षांच्या मुलामुलींस धनुर्वात-घटसर्पाची लस देतात, त्या वयात ही युक्ती सहज शिकविता येते. घेरी येण्याचा स्वभाव असलेल्याने लस निजूनच घ्यावी व नंतर पाव तास उठू नये.

जुन्या पिढीचे एक भय मात्र आता निराधार झाले आहे. पूर्वी काचेची पिचकारी उकळून वापरीत आणि तीच सुई अनेकांस टोचून बोथट होई. आपल्या सरकारी लसीकरणात 2005 पासून एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणारी पिचकारी आली. हवे तर मुलाच्या समक्ष पाकीट फोडावयास सांगावे. नव्या वस्तूचे पाकीट फुटताना पाहणे मुलांस आवडतेच.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आता नेमके सांगावयाचे ते हे. जी लस राहिली आहे ती घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात या तिन्हींविरुद्धची आहे. यांपैकी घटसर्प आपल्या देशातून अजून गेलेला नाही. तान्हेपणीचे डोस झाले पण पुढचे राहिले, अशा पाच वर्षांवरील मुलांत तो आता अधिक दिसतो. घशात राखाडी पडदा धरतो, श्वास कोंडतो, आणि त्याचे विष हृदयापर्यंत पोचते. आपल्या मुलीस आज तीच उणीव आहे.

त्यासाठी तिला ओढून नेऊ नये. एक दिवस नुसते केंद्र दाखवून आणावे. घरी बाहुलीस लस द्यावी आणि ती मुलीने स्वतः द्यावी. दंड कोणता, मांडीवर कोणी धरावे, भिरभिरे न्यावे की गोष्टीचे पुस्तक, हे तिलाच ठरवू द्यावे. लस घ्यावी की नाही, हे मात्र तिला विचारू नये. आजींनी सोबत जावे आणि दंडावरचा आपला व्रण तिला दाखवावा. इतकेही करून ती रडली तर रडू द्यावे, रागावू नये. आणि भय इतके असेल की रात्रीची झोप उडते, तर बालरोगतज्ज्ञांस भेटावे. झांशीत महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय 1968 पासून आहे.

लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे. राहिलेल्या डोसामुळे मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जेथे थांबली तेथून ती पुढे चालू होते. परंतु सरकारी कार्यक्रमात ही तिहेरी लस सात वर्षे पुरी होईपर्यंतच देतात, त्यानंतर डांग्या खोकल्याचा भाग वगळलेली लस द्यावी लागते. मुलगी साडेसहा वर्षांची आहे, म्हणजे आपल्या हाती सहा महिने आहेत.