नळी मोजली, माणूस राहिला

निवडणुकीची आचारसंहिता लागली की कोकणातल्या पोलिस ठाण्यांत एक ठरलेले दृश्य दिसते. गोणपाटात किंवा जुन्या चादरीत गुंडाळलेली बंदूक घेऊन एकेक शेतकरी येतो. हवालदार गुंडाळी सोडायला लावतो, नळीवर कोरलेला क्रमांक परवान्याच्या पुस्तकातल्या क्रमांकाशी ताडून पाहतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो आणि पावती हातावर ठेवतो. बंदूक बहुतेक वेळा ठासणीची, नाहीतर एकनळी काडतुसाची. परवाना शेतीसंरक्षणाचा. निकाल लागेपर्यंत माकडांना आणि रानडुकरांना बाग मोकळी, हे त्याला ठाऊक असते. तरी तो हुज्जत न घालता पावती घडी करून खिशात ठेवतो आणि घरची वाट धरतो.

आता 2024 सालचा फेब्रुवारी आठवा. 2 तारखेला उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला आणि त्यासाठी सत्ताधारी पक्षाच्या आमदाराला अटक झाली. सहाच दिवसांनी मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू असताना गोळ्या घालण्यात आल्या. गोळ्या झाडणाऱ्याच्या नावावर परवाना नव्हता. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे होते आणि परवानाही त्या अंगरक्षकाच्याच नावावर होता. त्याच वर्षी जुलैत मुळशी तालुक्यातली चित्रफीत महाराष्ट्राने पाहिली. जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवणारी व्यक्ती एका बड्या अधिकाऱ्याच्या घरातली होती.

ठाण्यात बंदूक जमा करणारा शेतकरी आणि कमरेला पिस्तूल लावून फिरणारा पुढारी, दोघांनाही 1959 चा शस्त्र कायदाच लागू आहे. मग तो एकाला इतका जाचक आणि दुसऱ्याला इतका सैल का वाटतो, हा प्रश्न आम्ही आज विचारत आहोत. आमच्या मते दोष कायद्याच्या अक्षरात फारसा नाही. परवाना देताना जी ढिलाई चालते, तिच्यात तो आहे.

शस्त्र कोणते चालेल आणि कोणते नाही, याबाबत हा कायदा बारकाईने बोलतो. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी स्वयंचलित शस्त्रे 'प्रतिबंधित' आहेत. केंद्र सरकारने खास अधिकार दिल्याशिवाय ती कुणाही नागरिकाला बाळगता येत नाहीत. .303 आणि 7.62 मिलिमीटरच्या लष्करी काडतुसांच्या रायफली, 9 मिलिमीटरचे लष्करी काडतूस घेणारी पिस्तुले यांनाही सामान्य परवान्याचा रस्ता बंद आहे. ज्याला व्यवहारात 'प्रोहिबिटेड बोअर' किंवा नुसते 'पीबी' म्हणतात, तो हाच वर्ग. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, दिल्लीचे गृहमंत्रालय देते, आणि तेही दहशतवाद्यांच्या निशाण्यावर असणे किंवा पदामुळे जिवाला गंभीर धोका असणे अशा मोजक्या कारणांसाठी. बाजारात .32 चे रिव्हॉल्व्हर, .315 ची रायफल आणि बारा बोअरची बंदूक एवढीच नावे सतत कानावर येतात, याचे कारण या वर्गवारीत आहे.

सुट्या जोडण्यांबद्दल तर कायदा आणखी कडक आहे, आणि ही गोष्ट फार थोड्या परवानाधारकांना ठाऊक असते. गोळीचा आवाज किंवा नळीच्या तोंडाशी उठणारा उजेड कमी करणारी जोडणी, म्हणजे सायलेन्सर, कायद्याच्या व्याख्येत स्वतःच 'अग्निशस्त्र' आहे. सोबत बंदूक असो वा नसो. नियमांच्या अनुसूचीत तिची जागा पहिल्याच, सर्वांत निषिद्ध वर्गात आहे. इंटरनेटवरून असा नळकांडीवजा तुकडा 'हौस' म्हणून मागवणाऱ्याने विनापरवाना शस्त्र मागवलेले असते. दुनळीची नळी 20 इंचांहून आखूड असेल तर तीही त्याच निषिद्ध वर्गात जाते. नळी कापून आखूड करायची तर त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. कोटाखाली लपेल अशी बंदूक कुणाच्या हाती राहू नये, हा त्यामागचा विचार अगदी योग्य आहे.

प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची किंमत महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्त दहशतवादाच्या आरोपातून सुटला, पण एके-56 रायफल आणि 9 मिलिमीटरचे पिस्तूल बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सहा वर्षांची शिक्षा पाचवर आणली. त्याखाली जाता येत नव्हते, कारण पाच वर्षे ही त्या वेळची किमान शिक्षा होती. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने ती किमान सात आणि कमाल चौदा वर्षे केली. त्याच दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठरवला.

म्हणजे नळीची लांबी, गोळीचा व्यास, शस्त्रांची संख्या, शिक्षेची वर्षे, सगळे काटेकोर मोजून झाले. ज्याच्या हाती शस्त्र द्यायचे त्या माणसाची तपासणी मात्र आजही तोंडदेखली होते.

कायद्याचे 13 वे कलम या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. त्यात दोन दारे आहेत. नागरिकाला स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी 20 इंचांहून कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक हवी असेल, किंवा खरोखर पिके राखण्यासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना 'द्यावा' असे कायदा म्हणतो. ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख करणारा हा कायदा शेतकऱ्याला ओळखत होता. दुसरे दार इतर सगळ्या शस्त्रांसाठी. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यात येतात. इथे अर्जदाराकडे योग्य कारण आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. पहिले दार सताड उघडे आणि दुसऱ्यावर पहारा, अशी ही रचना होती. आज शेतकरी पहिल्या दाराशी तलाठी, वनखाते, पोलिस पाटील आणि तहसील अशा चकरा मारतो, आणि दुसऱ्या दारातून बांधकाम व्यावसायिक, वाळूचे ठेकेदार आणि गावोगावचे 'युवा नेते' आत जातात. 'जिवाला धोका' हे दोन शब्द त्यांच्या अर्जावर पुरतात.

धोका कुणापासून, त्याची फिर्याद कुठे दिली, पोलिसांनी काय तपास केला, बंदूक नसती तर पोलिस संरक्षणाने काम भागले असते का, या प्रश्नांची उत्तरे फाइलीत असतात की नाही हे बाहेर कुणालाच कळत नाही. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर 2024 मध्ये निर्घृण हत्या झाली. त्या हत्येत बंदूक वापरली गेली नव्हती. पण त्यानंतर बीड जिल्ह्याची झाडाझडती सुरू झाली तेव्हा एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे समोर आले, आणि प्रशासनाने घाईने परवाने रद्द करायला घेतले. इतके परवाने एका रात्रीत दिले गेले नव्हते. प्रत्येकावर पोलिसांचा अहवाल होता, प्रत्येकावर सही होती. जो परवाना आज अयोग्य ठरतो, तो देताना योग्य कसा ठरला? त्या सह्या करणाऱ्यांपैकी कुणाला जाब विचारला गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

नाकारलेल्या परवान्याचीही कथा अशीच. पोलिस आयुक्तांनी अर्ज फेटाळला तर अर्जदार कलम 18 खाली अपील करू शकतो, आणि महाराष्ट्रात हे अपील गृहखात्याच्या मंत्र्यांपुढे जाते. पुणे पोलिसांनी नाकारलेल्या एका परवान्याला गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात मंजुरी दिल्याचे ऑक्टोबर 2025 मध्ये उघड झाले. अर्जदार एका कुख्यात टोळीप्रमुखाचा भाऊ होता. तो खटल्यांतून निर्दोष सुटला होता, असे मंत्र्यांचे म्हणणे. परवाना प्रत्यक्षात हाती पडला नाही, हे सरकारने सांगितले आणि ते आम्ही नोंदवतो. पण पोलिसांचा प्रतिकूल अहवाल समोर असताना राजकीय पदावरच्या व्यक्तीने एकट्याने असा निर्णय देण्याची सोयच चुकीची आहे. आज हे मंत्री आहेत, उद्या दुसऱ्या पक्षाचे असतील. मतदारसंघातल्या कार्यकर्त्याचा आग्रह मोडायचा कसा, हा पेच प्रत्येकापुढे येणार आहे.

अधिकाऱ्यांच्या हातीही निर्णय निर्धोक राहत नाही, हे जम्मू-काश्मीरने दाखवले. 2012 ते 2016 या काळात तिथे अपात्र लोकांना 2 लाख 78 हजारांहून अधिक परवाने दिले गेल्याचे सीबीआयने म्हटले आहे. सनदी अधिकाऱ्यांना अटकही झाली. तिथल्या बनावट परवान्यांवर आपल्याकडे अहिल्यानगर आणि पुणे परिसरात सुरक्षारक्षक म्हणून नोकऱ्या करणारे पकडले गेले. बंगल्याच्या फाटकाशी बारा बोअर घेऊन बसलेल्या माणसाचा परवाना खरा आहे का, हे त्याला नेमणाऱ्या एजन्सीने कधी तपासले होते?

यावर एक उत्तर हमखास दिले जाते आणि ते ऐकून घ्यायलाच हवे. गुन्हेगार परवाना काढत नाहीत, ते गावठी कट्टा घेतात. मग परवानाधारकांच्या मागे का लागायचे? यात तथ्य आहे. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे गाव जळगावच्या सीमेला लागून आहे, आणि तिथल्या भट्ट्यांतून घडलेली पिस्तुले पुण्या-मुंबईपर्यंत येतात हे पोलिसांना वर्षानुवर्षे माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये प्रत्येक राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली बेकायदा शस्त्रांविरुद्ध समिती नेमण्याचा आदेश दिला, तो याच चिंतेतून. पण कट्ट्याचा बंदोबस्त होईपर्यंत परवान्याची ढिलाई चालू द्यावी, असे त्यातून निघत नाही. उलट कट्टेवाला पकडला तर तो गुन्हेगार म्हणून पकडला जातो. परवान्याच्या पिस्तुलाला सरकारचा शिक्का असतो. लग्नात ते कमरेला दिसते, ग्रामसभेत टेबलावर ठेवले जाते, जमिनीच्या मोजणीला सोबत नेले जाते. चाप एकदाही न ओढता ते आपले काम करून जाते. ज्याच्या शेताच्या बांधावर ते येऊन उभे राहते त्याची फिर्याद कुठल्या आकडेवारीत येत नाही.

शस्त्र बाळगणे हा आपल्या देशात मूलभूत हक्क नाही, याचाही विसर पडू देऊ नये. 1878 च्या कायद्याने इंग्रजांनी देशाला नि:शस्त्र केले, त्याचा सल राष्ट्रीय चळवळीत खोल होता. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख होता. संविधान सभेत 1948 मध्ये हरि विष्णू कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची मागणी केली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. सरसकट दिलेला हक्क गुन्हेगारही मागतील, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी ओळखलेला धोका आज परवान्याच्या वाटेने आत येतो आहे.

गृहखात्याला करता येण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. परवान्याचे अपील मंत्र्यांच्या दालनातून काढून निवृत्त जिल्हा न्यायाधीशांपुढे न्यावे, आणि केंद्राच्या कायद्यात त्यासाठी बदल लागत असेल तर राज्याने तशी शिफारस करावी. परवानाधारकावर हिंसेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झाले की शस्त्र त्याच आठवड्यात जमा व्हावे. कलम 17 खाली परवाना निलंबित करण्याचा अधिकार आजही आहे. फक्त कुणाचे तरी डोके फुटेपर्यंत तो कुणी वापरत नाही. 2016 च्या नियमांनी शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण आणि घरात कुलूपबंद ठेवण्याची सोय आवश्यक केली. ती सोय आहे का, हे नूतनीकरणाच्या वेळी घरी जाऊन पाहावे, ठाण्यात बसून दाखला लिहू नये. आणि पीक राखणाऱ्याला ठासणीची बंदूक देताना कलम 13 मधला 'द्यावा' हा शब्द जिल्हाधिकाऱ्यांनी शब्दशः पाळावा.

सर्वांत आधी मात्र हिशेब. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे 2016 अखेर महाराष्ट्रात सुमारे 84 हजार शस्त्रपरवाने होते. त्यानंतर किती दिले, कोणत्या कारणासाठी दिले, पोलिसांचा नकार डावलून किती दिले आणि गुन्हे दाखल असलेल्यांकडे आज किती आहेत? ही जिल्हावार माहिती सरकारच्या संगणकात आहे. कुणाचेही नाव-पत्ता न देता ती गृहखात्याने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात पटलावर ठेवावी, आणि ठेवली नाही तर विरोधी बाकांवरच्या सदस्यांनी पहिल्याच दिवशी ती मागावी.