सुशीच्या पंक्तीस बसतांना

परदेशीं राहणारीं मुलें-नातवंडें वडील माणसांस मोठ्या हौसेनें उपाहारगृहांत नेतात, आणि वडील माणसें तेथें दोहोंपैकीं एक चूक करितात. एक तर पानावर बसण्यापूर्वींच "आम्हांस हें चालत नाहीं" असें म्हणून सर्वांचा विरस करितात. नाहीं तर भिडेस पडून, समोर काय आलें आहे हें न विचारतां मुकाट्यानें खातात. टोकियोस नोकरीला असलेल्या नातवाकडे आम्ही उभयतां गेलों असतां या दोन्ही चुका मीं एकाच सायंकाळीं केल्या. म्हणून हा प्रपंच.

सुशीचें नांव काढतांच मीं नकार दिला. सुशी म्हणजे कच्चा मासा, एवढीच माझी समजूत. मुलाचा चेहरा उतरला. "आजोबा, सुशी म्हणजे भात हो!" एवढेंच तो म्हणाला, आणि तें खरें निघालें. 'सुशी' या शब्दाचा मूळ अर्थ 'आंबट' असा आहे. तांदळाचा शिरका, साखर व मीठ घालून कालविलेला भात ही तिची प्रकृति. मासा हें वरचें उपकरण. माशावांचून सुशी होऊं शकते, भातावांचून होत नाहीं. नुसत्या कच्च्या माशाच्या चकत्या वाढतात त्यांचें नांव 'साशिमी'. ती सुशी नव्हे.

या भातास तेथें 'शारी' म्हणतात, आणि हा शब्द आपल्या 'शरीर' शब्दापासून निघालेला आहे. बुद्धाच्या अस्थिधातूंस 'शरीर' म्हणत. तोच शब्द चीनच्या मार्गानें जपानांत गेला आणि शुभ्र, बारीक कणांच्या साम्यावरून भातास लागला. इतक्या दूर आपला शब्द भेटला, तेव्हां माझा राग निम्मा ओसरला.

पूर्वीं मासा टिकावा म्हणून तो मीठ लावून भातांत महिनेच्या महिने आंबवीत, आणि भात टाकून मासा खात. बिवा सरोवराकांठची 'फुनाझुशी' अद्यापि त्या जुन्या रीतीची आहे. पुढें आंबविण्याचें काम शिरक्यानें साधूं लागलें. एदो, म्हणजे आजचें टोकियो, येथें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हातानें वळलेली सुशी लोकप्रिय झाली; तिचें श्रेय हानाया योहेई (१७९९-१८५८) यास देतात.

आतां प्रकार. भाताची लांबट मूद वळून वर माशाची चकती ठेवितात ती 'निगिरी'. समुद्रांतील शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, म्हणजे 'नोरी', बांबूच्या चटईवर पसरून त्यांत भात व सारण घालून अळूवडीसारखी गुंडाळी करून कापितात ती 'माकी'. बारीक ती 'होसोमाकी', जाड ती 'फुतोमाकी', भात बाहेरच्या अंगास असलेली 'उरामाकी', आणि शंकूच्या आकाराची 'तेमाकी'. मुदीभोंवतीं नोरीची भिंत उभारून वर बहुधा माशांचीं अंडीं घालितात, ती 'गुंकान', म्हणजे युद्धनौका. पसरट भांड्यांत भातावर निरनिराळे जिन्नस मांडिले कीं 'चिराशी'. सांच्यांत दाबून वड्या पाडिल्या कीं ओसाकाकडची 'ओशी'. 'इनारी' म्हणजे सोयाबीनच्या पनिराची तळलेली पिशवी, आंत भात भरलेली.

शाकाहारी मनुष्यानें तीन नांवें लक्षांत ठेवावीं: 'कप्पामाकी' म्हणजे काकडीची, 'ओशिंकोमाकी' म्हणजे लोणच्याच्या मुळ्याची, आणि 'कानप्योमाकी' म्हणजे दुध्या भोपळ्याच्या जातीच्या फळाच्या वाळविलेल्या पट्ट्यांची.

एवढें कळल्यावर माझी भीड चेपली आणि मीं दुसरी चूक केली. इनारींत मासा दिसत नाहीं, म्हणून दोन इनारी व वाटीभर कढण निःशंकपणें घेतलें. आमच्या कुटुंबानें मात्र नातवास आग्रह करून वाढप्याला विचारावयास लाविलें. तेव्हां उलगडा झाला. जपानी पाकशाळेंत 'दाशी' नांवाचें एक सार असतें. तें बहुधा 'कोंबू' हें शेवाळ व 'कात्सुओ' माशाचा धुरावून वाळविलेला कीस यांचें करितात. कढण त्याचेंच, इनारीची पिशवी त्यांतच शिजविलेली, आणि कानप्योच्या पट्ट्याही पुष्कळदां त्यांतच मुरविलेल्या. नातवास तें ठाऊक नव्हतें. तो खजील होऊन उठूं लागला. मीं त्यास हात धरून बसविलें. फसविलें कोणींच नव्हतें. मीं विचारलें नव्हतें, एवढेंच.

तेव्हां 'मांस नको' एवढें सांगून भागत नाहीं. 'कात्सुओची दाशी आहे काय?' असें स्पष्ट विचारावें. केवळ कोंबूची दाशी निरुपद्रवी. 'तामागो' म्हणजे अंडें. खेंकड्याच्या तुकड्यांसारख्या लाल-पांढऱ्या कांड्या माशाच्या लगद्याच्या असतात. उरामाकीवरील नारिंगी कण शोभेचे दिसले तरी बहुधा माशाचीं अंडीं होत. सुरी व पाट सर्वांना एकच असतो, हेंही कडक नियमाच्या माणसानें जाणून असावें.

घरांतील ज्यांस मासे चालतात त्यांनीं निगिरी हातानें उचलावी. तें तेथें शिष्टसंमत आहे. सोयाच्या रसांत माशाची बाजू टेंकवावी, भाताची नव्हे, भात विसकटतो. आल्याच्या गुलाबी चकत्या दोन घासांमध्यें तोंड स्वच्छ करण्यासाठीं असतात. 'वासाबी'चा हिरवा गोळा चटणी समजून खाऊं नये. तो थेट नाकांत चढतो.

चार दिवसांनीं आम्ही पुन्हां गेलों. नातवानें वरील प्रश्न जपानी लिपींत चिठ्ठीवर लिहून नेला होता. वाढप्यानें ती वाचून आंत विचारलें, आणि काकडीच्या व मुळ्याच्या गुंडाळ्या आणून ठेविल्या. चौघांचें जेवण हंसतखेळत झालें. मुंबई-पुण्यासही आतां सुशी मिळते; आपलीं मुलें आपणांस तेथें नेतील तेव्हां 'नाहीं' म्हणण्यापूर्वीं अशी एक चिठ्ठी बरोबर घ्यावी.