नुरा कुस्ती म्हणजे शिवीच का?

‘नुरा कुस्ती’ हा शब्द हल्ली आखाड्यापेक्षा वर्तमानपत्रांतच अधिक वाचायला मिळतो. दोन पुढारी सभेत एकमेकांवर तुटून पडले आणि रात्री एका पंगतीला बसले, की दुसऱ्या दिवशीचा मथळा तयार! आतून ठरवलेली, वरून लढलेली कुस्ती म्हणजे नुरा. कोल्हापुरात पैलवानाला याहून मोठी शिवी नाही. आमच्या घरात तर हा शब्द कोणी उच्चारत नाही. का, ते पुढे सांगतो.

गेल्या वर्षी नाटकाच्या तासाला सरांनी ‘संघर्षा’चे उदाहरण विचारले. कोणी शिरवाडकरांचे नाव घेतले, कोणी कानेटकरांचे. मी म्हणालो, खासबागेतली नंबर एकची कुस्ती. वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण “ती ताकदीची गोष्ट झाली, कलेची नव्हे,” असे म्हणून पुढे गेले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे भर वर्गात उत्तर द्यायचे धाडस झाले नाही. ते उत्तर आता वार्षिकांकातून देतो आहे. सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

मुळात खासबाग आणि रंगभूमी वेगळी काढायची कशी? शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात रोममधले जुने प्रेक्षागार पाहून त्यांच्या मनात या मैदानाची कल्पना आली, असे सांगतात. १९१२ साली मैदान तयार झाले आणि १९१५ साली त्याला खेटूनच पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही निवृत्ती चौकातली पोरे धावत गेलो, तर गर्दीत तालमीतले वस्ताद होते आणि नाटकवालेही, आणि दोघांच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. महाराजांनी या दोन वास्तू शेजारी शेजारी बांधल्या, त्या काय करवीर नगरीत जागा कमी होती म्हणून?

कुस्ती पाहायला मला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवले. मी लहान असताना मैदानात ते मला पुढ्यात घेऊन बसत आणि म्हणत, “हाताकडं बघू नको, पायाकडं बघ.” दुपारी पोरासोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते. झटपट लागतात, झटपट सुटतात. लोक अजून शेंगा खात असतात. जसजसे ऊन उतरते तसतशा जोडी मोठ्या होत जातात, आणि नंबर एकचे पैलवान हौद्यात उतरतात तेव्हा दिवस कलंडलेला असतो. ही चढती रचना कोणत्या नाटककाराने केली? कोणीच नाही, आणि सर्वांनी मिळून.

मग सलामी होते, हातात हात मिळतात, अंगावर माती टाकली जाते आणि खडाखडी सुरू होते. नवख्याला वाटते, हे नुसते माना दाबत का उभे आहेत? अहो, तिथेच तर सगळे चाललेले असते! दोघे एकमेकांना वाचत असतात. उंच पैलवान मान दाबून समोरच्याला वाकवू पाहतो. बुटका ते सोसतो, दमल्याचे सोंग करतो आणि वरच्याचे वजन पुढे आले की खाली घुसून एकेरी पट काढतो. म्हणजे खऱ्या कुस्तीतही सोंग असतेच. कब्जा गेला की खालचा पैलवान माती धरून पालथा पडून राहतो. वरचा घिस्सा ओढतो, तो सुटतो. पुन्हा ओढतो, पुन्हा सुटतो. आतापर्यंत वरच्याच्या नावाने ओरडणारे मैदान इथे हळूच खालच्याच्या बाजूला सरकते. हलगीवाला ते सगळ्यांच्या आधी ओळखतो आणि ठेका बदलतो. निवेदकाची गोष्ट तर आणखीच वेगळी. कोथळीच्या शंकरराव पुजारी यांचे निवेदन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पैलवानाचे गाव, त्याचा वस्ताद, त्याची मागची हार, हे सगळे कानावर पडले की मातीतली दोन अंगे दोन माणसे होतात. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मोजून निकाल लागतो. ऑलिंपिकला तीच लागते, हे मान्य. पण माझा जीव तिथे रमत नाही.

आता ठरवलेल्या कुस्तीकडे येतो. एके काळी मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना लोटालोट होई. आज आमच्या पेठेतली शाळकरी पोरे मोबाईलवर डब्ल्यूडब्ल्यूई पाहतात आणि म्हातारे पैलवान “नुरा हाय सगळी” म्हणून थुंकतात. इथे मात्र मी ज्येष्ठांच्या विरुद्ध आहे. त्याच अमेरिकन कंपनीने १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे, कर आणि नियंत्रण टाळण्यासाठी का होईना, सांगून टाकले की आमचा हा खेळ नसून करमणूक आहे. तेव्हापासून त्यात फसवणूक ती कुठली? रंगभूमीवर अफझलखानाचा कोथळा निघतो, म्हणून आपण पोलिसांना बोलावत नाही. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाच्या १९५७ च्या पुस्तकातला पहिलाच लेख पॅरिसमधल्या अशा कुस्त्यांवर आहे. निकाल ठरलेला आहे की नाही याची तिथल्या प्रेक्षकाला फिकीर नसते, त्याला वेदना, पराभव आणि न्याय डोळ्यांनी पाहायचा असतो, असे तो म्हणतो. ग्रंथालयातून ते पुस्तक मला मिळवून दिले ते वर उल्लेखिलेल्या सरांनीच, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

या सगळ्याचा विचार मी करू लागलो तो एका फेट्यामुळे. आमच्या ट्रंकेत एक जुना गुलाबी फेटा आहे. यंदा कॉलेजच्या पारंपरिक वेशभूषेच्या दिवसासाठी मी तो मागितला. आबा नको म्हणाले आणि संध्याकाळी रिक्षा लावून येताना माझ्यासाठी नवा फेटा घेऊन आले. मी खोदून विचारले तेव्हा त्यांनी सांगितले.

माझ्या जन्माआधीची गोष्ट. आत्याचे लग्न ठरले होते, पैशाची ओढ होती. एका गावच्या जत्रेत आबांची कुस्ती लागली. जोड बरोबरीत सुटली तर तीच पुढच्या मैदानात पुन्हा लावता येईल, असा तिथल्या लोकांचा हिशेब. दोघांनाही पूर्ण इनाम मिळणार होते. सकाळी चहाच्या गाड्यावर दोघांनी सगळे ठरवले: कोणता डाव आधी, कोण कधी खाली जाणार, मनगट दाबले की सुटायचे. पाऊण तास कुस्ती चालली. बसलेले लोक उठून उभे राहिले. कुस्ती सोडवल्यावर एक म्हातारा शेतकरी गर्दीतून पुढे आला, त्याने डोक्याचा फेटा काढला आणि आबांच्या डोक्याला बांधला. डोळ्यांत पाणी होते त्याच्या. त्यानंतर आबांनी चार-दोन कुस्त्या केल्या असतील, मग लंगोट ठेवला तो ठेवलाच.

आबांनी केले ते चूक होते. माझे वडील आहेत म्हणून मी ते झाकणार नाही. त्या म्हाताऱ्याने खरे समजून फेटा दिला होता. पण मी विचारले, “आबा, कुस्ती कशी झाली होती?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लई झ्याक झाली हुती. तसली परत कधी जमली न्हाई.” जी आपली सर्वांत चांगली कुस्ती, तीच कोणाला सांगायची नाही, असे वीस-बावीस वर्षे काढणे सोपे नसावे.

परवा रात्री धाकटा भाऊ मोबाईलवर डब्ल्यूडब्ल्यूई पाहत होता. आबा जेवून उठता उठता मागे थांबले. एकाने दुसऱ्याला डोक्यावर उचलून आपटले. भाऊ ओरडला. आबा म्हणाले, “आपटणाऱ्याकडं काय बघतोस? पडणाऱ्याकडं बघ. मान कशी वाचवली, पाठ कशी सपाट टेकवली. सगळं काम त्येचं हाय.” मग जरा वेळाने म्हणाले, “ह्यांचं बरं हाय. बघणाऱ्याला म्हाईत असतंय.”

आणि तिथेच खाली बसून त्यांनी ती कुस्ती पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.