सुटीनंतरचें घर

मे महिना सरूं लागला म्हणजे मुंबई, ठाणें, पुणें येथील हजारों कुटुंबें कोंकणांतून आणि देशावरून आपापल्या बिऱ्हाडीं परतूं लागतात. शाळा जूनच्या मध्यास उघडावयाच्या असतात. मृगाचा पाऊसही त्याच सुमारास दाराशीं येऊन ठेपतो. कोंकण रेल्वे १९९८ सालीं सबंध मार्गावर सुरू झाल्यापासून हा प्रवास पूर्वींच्या मानानें सुकर झाला आहे. तिकिटें आणि गर्दी यांविषयीं दरसाल पुष्कळ लिहिलें जातें. आम्हांस विचार करावयाचा आहे तो गाडींतून उतरल्यानंतरच्या चोवीस तासांचा. त्यांविषयीं कोणी लिहीत नाहीं, कारण त्या तासांत जिला सर्वांत अधिक श्रम पडतात तिला लिहावयास सवड नसते.

कुलूप उघडतें. महिनाभर बंद असलेल्या खोल्यांचा कोंदट वास येतो. आंब्यांची पेटी, फणस, आमसुलें, कुळथाचें पीठ, मळक्या कपड्यांचीं बोचकीं, सारें दिवाणखान्यांत येऊन पडतें. गृहस्थ प्रवासानें शिणलेले असतात, म्हणून पंख्याखालीं बसून चहा केव्हां मिळेल असें विचारतात. मुलें मोबाइल घेऊन कोपरा गांठतात. दूध नाहीं, तांदळांत टोके झाले आहेत, टाकींतलें पाणी शिळें आहे. आणि परवां शाळा. याच गाडींतून, तितकेच तास बसून आलेली गृहिणी मात्र हातपाय धुण्यापूर्वींच केरसुणी उचलते. ती शिणली कीं नाहीं हा प्रश्न घरांत कोणास पडत नाहीं. बरें, गांवीं तरी तिला सुटी होती काय? सासरच्या घरीं दहापंधरा पानें वाढावयाची, पापड-सांडगे घालावयाचे, आल्यागेल्याचें पाहावयाचें. इतरांची सुटी झाली. हिची चूल तेवढी बदलली.

हें आम्ही रंगवून सांगत नाहीं. सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०१९ सालीं लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला. बिनमोबदल्याच्या घरकामांत ज्या स्त्रिया गुंतल्या होत्या त्यांचीं दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें गेलीं, पुरुषांचीं ९७. हीं ९७ मिनिटेंही सगळ्या पुरुषांचीं नव्हेत! शंभरांपैकीं सुमारें २६ पुरुषांनींच अशा कामास हात लावला होता, आणि ८१ स्त्रियांनीं.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही विचारतों: दिवाळीनंतर दुकान उघडतांना झाडलोट, मालाची मोजदाद, उधारीची वही आणि गिऱ्हाईक हीं सर्व कामें आपण एकाच नोकरावर टाकून स्वतः गादीवर लोडाशीं टेकून बसतां काय? तसा दुकानदार आमच्या पाहण्यांत नाहीं. मग जी व्यवस्था दुकानांत सहज सुचते ती घराच्या दारांत येतांच कां विसरते?

शिवाय हें काम केवळ नीटनेटकेपणाचें नाहीं. डेंग्यू पसरविणारा डास भांड्याच्या कडेस अंडीं घालतो. तीं कोरडीं असतांही महिनोनमहिने टिकतात, आणि पाणी मिळतांच आठदहा दिवसांत त्यांतून डास उडतो. पिंपें, कुंड्यांखालच्या बशा, कूलर, शीतकपाटामागची ताटली हीं उपडीं करून भागत नाहीं. आंतून घासावीं लागतात. येथें जोर पाहिजे. तो गृहस्थांपाशीं आहे असें ते एरव्हीं सांगतच असतात.

कोणी म्हणेल, पुरुष कमावतो. परंतु आज त्याच लोकलनें त्याची पत्नीही कचेरींत जाते, आणि जी जात नाहीं तिचे श्रम फुकट समजावे असें कोठें आहे? दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: बायकाच स्वयंपाकघरांत कोणास येऊं देत नाहींत. पण डाळ करपली तर बोल तिलाच लागतो. जिच्यावर सारा ठपका, ती चावी सहजासहजीं सोडणार नाहीं. कामाबरोबर बोलाचीही वांटणी करावी, मग दार उघडतें कीं नाहीं तें पाहावें.

१८८८ सालीं ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांचें म्हणणें होतें कीं, मुलांमुलींस एकच शिक्षण द्यावें. शाळेच्या दारांत तें आतां मान्य झालें. घरांत मात्र बहिणीनें भांडीं विसळावीं आणि भावानें ताटावर बसावें हाच पाठ चालू आहे, आणि तो आईबापच देत आहेत.

परतीचा दिवस या पाठाच्या दुरुस्तीस फार सोयीचा. इतर दिवशीं घरकाम झालेलें दिसतें, करावयाचें दिसत नाहीं; त्या दिवशीं तें ढीग होऊन सर्वांच्या डोळ्यांसमोर पडलेलें असतें, आणि सर्व हात घरींच असतात. गाडी पनवेल गांठण्यापूर्वींच कामें वांटून घ्यावीं. मुलानें केर काढावा, मुलीनें बाजारची यादी करावी. पुढच्या वर्षीं उलट. पिंपें गृहस्थानें घासावीं. आणि पहिला चहा त्यानेंच करावा. दूध नसेल तर कोरा. गांवाहून आणलेली गवती चहाची पात कोणत्या पिशवींत आहे, तेवढें मात्र बायकोस विचारावयास हरकत नाहीं.