पेटंटचं भांडण अमेरिकेत, पण आरोंद्यात धावायचा रस्ता कोण दाखवणार?

३० सप्टेंबर २०२५ रोजी स्ट्राव्हाने गार्मिनला अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या कोर्टात खेचलं. धावणारे आणि सायकल चालवणारे लोक ज्या दोन नावांवर सगळ्यात जास्त अवलंबून असतात, त्याच या दोन कंपन्या. भांडण पेटंटचं होतं. 'सेगमेंट' आणि 'हीटमॅप' ही फीचर्स आमची आहेत आणि गार्मिनने ती परवानगीशिवाय वापरली, असं स्ट्राव्हाचं म्हणणं होतं. तीन आठवड्यांच्या आसपासच स्ट्राव्हाने खटला स्वतःहून मागे घेतला आणि बातमी संपली.

पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. 'लोक कुठे धावतात' ही माहिती आता कोर्टात जाण्याइतकी महाग झाली आहे. मग पुढचा प्रश्न: ही माहिती पुण्याच्या किंवा पणजीच्या धावणाऱ्याला जेवढी कामाची, तेवढी सावंतवाडी तालुक्यात तेरेखोल नदीच्या काठावर असलेल्या आरोंद्यातल्या पोराला किंवा पोरीला आहे का?

हीटमॅप म्हणजे नेमकं काय?

तुम्ही ॲप सुरू करून धावता तेव्हा फोन थोड्या थोड्या वेळाने तुमचं ठिकाण नोंदवत जातो. असे लाखो लोकांचे ठिपके एकावर एक ठेवले की जास्त वापराचे रस्ते उजळ दिसतात आणि कमी वापराचे फिके. हाच हीटमॅप.

ॲप जेव्हा तुम्हाला '५ किलोमीटरचा रूट' सुचवतं, तेव्हा ते रस्त्यांचं एक जाळं घेतं आणि प्रत्येक तुकड्याला एक किंमत लावतं. ज्या तुकड्यावरून जास्त लोक धावलेत तो स्वस्त, ज्यावरून कुणीच नाही तो महाग. मग सगळ्यात स्वस्त पडणारी फेरी तुमच्यासमोर ठेवतं. म्हणजे ॲपला रस्ता 'चांगला' आहे हे कळत नाही, तो 'वापरलेला' आहे एवढंच कळतं.

शहरात हे दोन्ही बहुतेक वेळा एकच असतं. सावंतवाडीत मोती तलावाभोवती माणसं चालतात, धावतात, तिथेही जमून जातं. गावात मात्र गडबड होते. डेटाच नसेल तर उरतो फक्त नकाशावरचा डांबरी रस्ता, आणि ॲप तुम्हाला तिकडेच पाठवतं, जिथे एसटी, डंपर आणि गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या आहेत. गडग्यांच्या मधून जाणारी पाणंद, खाजणाचा बांध, सड्यावरची पायवाट या खरं तर धावायला उत्तम जागा. पण नकाशात नसतील तर ॲपसाठी त्या अस्तित्वातच नाहीत.

रिकामा नकाशा हा बग नाही

इथे थोडं मागे जाऊ. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हाने १ अब्जाहून जास्त ॲक्टिव्हिटींचा जागतिक हीटमॅप जाहीर केला. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं की अफगाणिस्तान, सीरियासारख्या भागांत अंधारात एकट्याच चमकणाऱ्या रेषा म्हणजे लष्करी तळांवर धावणारे सैनिक आहेत. जगभर बोंब झाली. त्यानंतर स्ट्राव्हाने नियम बदलला: एखाद्या वाटेवर वेगवेगळ्या अनेक लोकांची नोंद असल्याशिवाय ती हीटमॅपवर दिसणार नाही.

नियम योग्यच आहे. पण परिणाम बघा. ज्या गावात धावणारे दोघं-तिघंच आहेत, तिथला हीटमॅप नियमानुसारच रिकामा राहू शकतो. म्हणजे तुमच्या गावाचा भाग फिका दिसत असेल, तर 'इथे धावायला जागा नाही' असा त्याचा अर्थ नाही. 'इथे अजून पुरेशी माणसं मोजली गेली नाहीत' एवढाच आहे.

आणि हा नियम पुरेसा आहे असंही नाही. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं की हीटमॅप आणि ॲपवर सगळ्यांना दिसणारी माहिती जोडली, तर विरळ वस्तीत नियमित धावणाऱ्या काही जणांचं घर शोधता येतं. कारण सोपं आहे. शहरात तुमची रेषा हजारांत मिसळते, गावात तुमची रेषा म्हणजे तुम्हीच.

खरा पेच हाच आहे. चांगला रूट मिळण्यासाठी डेटा हवा, आणि डेटा दिला तर तुम्ही दिसता. रोज सकाळी साडेपाचला एकाच वाटेने एकटी धावणारी मुलगी असेल, तर 'डेटा शेअर करा, सगळ्यांचा फायदा होईल' हे सांगणं सोपं आहे, पण त्याची किंमत तिला मोजावी लागते.

ॲपला न कळणाऱ्या तीन गोष्टी

भरती-ओहोटी. शिरोडा-वेळागरच्या किनाऱ्यावर धावायचं तर ओहोटीची घट्ट, ओली वाळू हवी. भरतीला तीच फेरी भुसभुशीत वाळूतून जाते आणि पोटऱ्या बोलायला लागतात. रूट ॲप वेळ विचारतं, पण समुद्राला नाही. इथे आजोबांचा हिशोब कामाला येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती, किनारा विसरा. पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्याआधी सहा तास, पहाटे पाचच्या आसपास ओहोटी, मैदान मोकळं. हिशोब ढोबळ आहे आणि जागेप्रमाणे वेळ सरकते, म्हणून भरतीच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपवर एकदा पडताळा. समुद्र खवळलेला असेल तर हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा बघा.

माकडताप. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात आणि पुढच्या वर्षी बांदा परिसरात या तापाचे रुग्ण सापडले. तो जंगलातल्या गोचिडींमुळे पसरतो आणि धोका साधारण हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जास्त असतो. 'ट्रेल रनिंग'चे सुंदर फोटो बघून त्या दिवसांत रानात शिरण्याआधी आरोग्य केंद्रात विचारा. ॲप हे सांगणार नाही.

हत्ती. सप्टेंबर २०२५ मध्ये 'ओंकार' नावाचा हत्ती दोडामार्गाकडून थेट गोव्यातल्या पेडणे तालुक्यात पोहोचला आणि नंतर सावंतवाडी तालुक्यातल्या गावांतही फिरत राहिला. त्या दिवसांत सकाळी कुठे धावायचं याचं उत्तर उपग्रहाकडे नव्हतं. ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि वनखात्याच्या लोकांकडे होतं.

मग करायचं काय?

एक मार्ग आहे, आणि तो फुकट आहे: ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा विकिपीडियासारखा लोकांनीच बनवलेला आहे. ऑर्गॅनिक मॅप्स, ओस्मँड ही ॲप्स त्यावरच चालतात आणि रेंज नसतानाही नकाशा दाखवतात.

गंमत अशी की इथे तुम्ही *वाट* नोंदवता, *स्वतःला* नाही. 'इथे पायवाट आहे, जांभ्या दगडाची आहे, पावसात शेवाळ धरते' एवढं नकाशाला सांगितलं की झालं. तुम्ही कधी धावता, किती वेगाने, घर कुठे, यातलं काहीच द्यावं लागत नाही. वरचा पेच इथे बराचसा सुटतो.

सुरुवात अशी करा:

१. गुरं चारणारे, पोस्टमन, दूध घालणारे यांना विचारा. त्यांना बारमाही वाटा कुठल्या आणि व्हाळाला पाणी आलं की बंद पडणाऱ्या कुठल्या, हे पाठ असतं.

२. ती वाट एकदा दिवसा चालून बघा. कुत्री, वळणं, उजेड, मोबाईलची रेंज तपासा. माडांच्या दाट सावलीत जीपीएसची रेषा वेडीवाकडी येते, तिच्यावर डोळे मिटून विश्वास नको.

३. वाट कुणाच्या बागायतीतून जात असेल तर मालकाला विचारल्याशिवाय नकाशावर टाकू नका. आज तुम्ही टाकली, उद्या पर्यटकांच्या बाईक येतील. किनारी गावांत हे नीट समजून घेतलं पाहिजे.

४. स्ट्राव्हा वापरत असाल तर प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन धावण्याची सुरुवात आणि शेवट लपवा. हीटमॅपमध्ये डेटा द्यायचा की नाही याचाही वेगळा पर्याय तिथेच आहे. 'फक्त मी' असं ठेवलेली ॲक्टिव्हिटी हीटमॅपमध्ये जात नाही.

५. एकटे धावत असाल तर घरच्या एकाच माणसाला व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन एक तासासाठी पाठवा. सगळ्या जगाला दाखवण्यापेक्षा हे बरं.

कायदा मदत करेल का?

थोडीफार. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती देणं जेवढं सोपं, तेवढंच ती काढून घेणं सोपं असलं पाहिजे, असं हा कायदा म्हणतो. पण तो ओळखता येणाऱ्या व्यक्तीच्या डेटाबद्दल बोलतो. हजारो रेषा मिसळून केलेल्या चित्रातली गावातली एकटी रेषा 'ओळखता येणारी' धरायची का, हा वादाचा मुद्दा राहणारच. तोपर्यंत सेटिंगचं बटण तुमच्याच हातात आहे.

स्ट्राव्हा आणि गार्मिन उद्या पुन्हा भांडतील किंवा गळ्यात गळे घालतील. ज्याच्यावरून ते भांडतात तो डेटा तुमच्या-आमच्या पायांनी तयार झालाय, आणि त्यात आरोंद्यासारख्या गावांचा वाटा फारच थोडा. तो वाढवायचा असेल तर या रविवारी आपल्या वाडीतली एक पाणंद चालून बघा आणि ओपनस्ट्रीटमॅपवर काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, पुढच्या धावणाऱ्याला हमरस्त्यावर जावं लागणार नाही.