भिंतीमागचं भुयार

'मुघल-ए-आझम' पाहून ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही असा एक तरी माणूस दाखवा, मी त्याला स्वखर्चानं मिसळ खाऊ घालतो! १९६० साली मुंबईच्या 'मराठा मंदिर'मध्ये हा सिनेमा लागला, तेव्हापासून आपण सारे मध्यमवर्गीय एकजात अनारकलीच्या पार्टीत आहोत. मधुबाला बेड्या घालून उभी राहिली की आमच्या डोळ्यांना धारा, आणि पृथ्वीराज कपूरांचा अकबर गरजला की आम्ही दातओठ खातो.

माझी तक्रार या रडण्याबद्दलच आहे. हा शुद्ध भंपकपणा आहे.

कारण घरी येऊन चपला काढता काढता या सलीमच्या अंगात अकबर शिरतो. मुलीनं "ऑफिसातल्या एका मुलाला चहाला बोलावू का?" एवढंच विचारलं, की पहिला प्रश्न : "आडनाव काय?" अहो, अकबराची स्वतःची बायको रजपुताघरची! (सिनेमात ती दुर्गा खोटे, म्हणजे तर आपल्याच घरातली.) त्या बिचाऱ्याला फक्त हुद्दा आडवा आला, कुठं कनीज आणि कुठं हिंदुस्तानची राणी! आम्हांला धर्म, जात, पोटजात, पत्रिका आणि मुलाचा पगार असं सगळं ओळीनं आडवं येतं. आमच्यापेक्षा बादशहा सुधारक म्हणायचा.

पण आमचं खरं रूप दिसतं ते शेवटात. अनारकलीला भिंतीत चिणतात आणि मागच्या भुयारातून बादशहा तिला गुपचूप सोडून देतो. तिच्या आईला पूर्वी वचन दिलेलं असतं ना! अट एकच : सलीमला ती मेली असंच वाटलं पाहिजे. म्हणजे भिंतही उभी, वचनही पाळलं, आणि लोकांत नाकही शाबूत. थिएटरात सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मला मात्र तिथंच राग येतो. याला दया म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

हे भुयार माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. १९७४ साली माझ्या थोरल्या चुलतबहिणीनं जातीबाहेर लग्न केलं. "ती आम्हांला मेली," असं जाहीर करून काकांनी डोक्यावरून आंघोळ केली. दर दिवाळीला मात्र काकू पदराआडून एक डबा माझ्या हाती द्यायची. "ताईकडे पोचव. ह्यांना कळू देऊ नकोस." 'ह्यां'ना सगळं कळत होतं. "तिला कडबोळी आवडतात," असं ते भिंतीकडे बघून पुटपुटत. आम्ही सगळे स्वतःवर खूश. केवढी मोठी मनं आमची!

ताईनं डबा घेताना एकदाच विचारलं, "तू येतोस रे, पण मला कधी बोलावणार?"

मी म्हटलं, "चकल्या खुसखुशीत झाल्यात."

२००४ साली हा सिनेमा रंगीत होऊन आला, तेव्हा मी तो पुन्हा पाहिला. काका तोवर गेले होते. त्यांच्या तेराव्याला ताई मागच्या रांगेत बसली होती, ओळखीच्या बाईसारखी. पडद्यावर सगळं रंगीत झालं होतं. भिंत होती तिथंच होती.

तेव्हा मंडळी, अनारकलीसाठी रडणं पुरे. घरात कुणी चिणलेलं असेल तर त्याला पुढच्या दारानं बोलवा. आणि माझ्यासारख्या डबे पोचवणाऱ्यांनी उगीच दयाळूपणाचा आव आणू नये. बादशहा एकटा किती दिवस भिंत सांभाळणार? आम्ही भुयारं खणून देतो, म्हणून ती उभी आहे.